वेळासचा वारा आणि आपला धुरा



दर आठवड्याला या जागी आपण खत, बियाणे, फवारणी नाही तर कीड-रोग यांच्या गोष्टी बोलतो. आज मी तुम्हाला जरा लांब घेऊन जाणार आहे. धामणगाव रेल्वेहून निघायचे ते थेट रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातील वेळास गावच्या समुद्रकिनारी. तुम्ही म्हणाल, ‘साहेब, आमच्या पऱ्हाटीचे बोला, तुरीचे बोला, समुद्राशी आम्हाला काय करायचे?’ थोडा धीर धरा. ही गोष्ट समुद्राची कमी आणि वाऱ्याची जास्त आहे, आणि वारा तर आपल्याही वावरात येतो. शिवाय या गोष्टीत माझी स्वतःची एक चूक आहे. ती तुमच्यापुढे कबूल करावी, म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

२०२४ सालच्या मार्च महिन्यात आपल्या तालुक्यातील पंचवीस शेतकऱ्यांना घेऊन मी दापोलीच्या अभ्यास दौऱ्यावर गेलो होतो. त्यांत महिला बचत गटाच्या नऊ भगिनी होत्या. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आहे. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे दोन दिवस आंबा, काजू, नारळ आणि सुपारीच्या बागा पाहिल्या. परतीच्या आधी एक रात्र वेळासला मुक्काम ठेवला होता. आमच्या पंचवीस जणांपैकी एकवीस जणांनी तोपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांत साठी ओलांडलेलेही होते.

आधी वाळू, मग पाणी

वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. जवळच बाणकोटचा जुना किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी सावित्री नदी समुद्राला मिळते. गाव लहान, लाल चिऱ्यांची घरे, प्रत्येक घरामागे नारळ-पोफळीची वाडी. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. मोठी हॉटेले येथे नाहीत. गावकरीच पाहुण्यांना घरी उतरवून घेतात आणि जेवू घालतात. गावातून किनारा दिसत नाही. वाड्यांमधून चालत जायचे, छोट्या खाडीवरचा साकव ओलांडायचा, खारफुटीची झुडपे मागे टाकायची, मग सुरूचे बन लागते. बन संपले की पुढे समुद्र.

दुपारचे चार वाजले होते. बनात असेपर्यंत फक्त सूं-सूं आवाज ऐकू येत होता, अंगाला वारा फारसा लागत नव्हता. शेवटचे झाड ओलांडले मात्र, आणि बायांचे पदर, माणसांच्या टोप्या, एकाचा दुपट्टा, सगळे उडू लागले. वाळूचे बारीक कण पायाच्या पोटऱ्यांवर सुयांसारखे टोचत होते. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथपर्यंत किनारा रिकामा. एक दुकान नाही, एक माणूस नाही. फक्त वारा, वाळू आणि पाणी.

आमची मंडळी गप्प झाली. थोड्या वेळाने एका ताईंनी पुढे होऊन ओंजळीत पाणी घेतले, जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले. त्यांचे माहेर दर्यापूरकडचे. त्या म्हणाल्या, ‘आमच्या खारपानपट्ट्यातल्या विहिरीचं पानी असंच लागते, पन हे तं त्याच्याहून खारं आहे. एवढं पानी अन् प्यायले घोट नाही!’ सगळे हसले आणि मग पोराबाळांसारखे पाण्यात शिरले.

एकाने विचारले, ‘सायेब, हा वारा रोजच असा असते काय?’ बहुतेक रोजच असतो. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. जमिनीवरची तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, मग उलटे होते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ते मतलई वारे. शाळेच्या पुस्तकात आपण हे वाचले आहे, पण अंगावर घेतल्याशिवाय ते कळत नाही. पावसाळ्यात तर नैर्ऋत्येचा वारा महिनोन् महिने हाच किनारा झोडपतो. सोबत मिठाचे बारीक तुषार आणतो. मीठ कोवळ्या पानावर बसले की पान करपते.

मग एवढ्या वाऱ्यात मागच्या वाड्या उभ्या कशा राहतात? हा प्रश्न मी मंडळींना विचारला आणि आम्ही पाण्याकडून गावाकडे, एक एक पायरी बघत, मागे चालत आलो.

पहिली पायरी जमिनीलगतची. वाळूवर एक वेल पसरलेली असते. पान आपट्यासारखे दोन फाळ्यांचे, फूल आपल्याकडच्या बेशरमाच्या फुलासारखे जांभळट. रताळ्याच्याच कुळातली ही वेल आहे. तिचे नाव मर्यादवेल. भरतीच्या रेषेवर ती वाळूला धरून ठेवते, उडू देत नाही. तिच्यामागे केतकी आणि झुडपे, मग सुरूचे उंच बन, मग खारफुटी, आणि सर्वांत मागे नारळ-पोफळी. म्हणजे वारा एका भिंतीवर आदळत नाही. तो जिन्याने चढवला जातो आणि वाडीच्या डोक्यावरून पुढे काढून दिला जातो.

वाऱ्याच्या गावची माणसे सगळीकडे अशीच युक्ती काढतात. ग्रीस देशात सांतोरिनी नावाचे बेट आहे. तेथे समुद्रावरून फार जोराचा वारा येतो. आपल्या नाशिकची द्राक्षे मांडवावर चढतात, पण तेथील शेतकरी वेल मांडवावर चढवतच नाहीत. जमिनीलगत तिची गोल टोपली विणतात आणि घड त्या टोपलीच्या आत, वाऱ्याच्या आडोशाला पिकवतात. वाऱ्याशी कुस्ती कोणीच खेळत नाही. त्याला वाट दाखवतात.

कासवांची पेरणी

वेळासचे नाव आज महाराष्ट्रभर झाले ते कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवीण हिवाळ्यात रात्रीच्या वेळी या किनाऱ्यावर येते, दीड फुटाच्या आसपास खड्डा करते, शंभराच्या मागेपुढे अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री पळवत असत. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. भरतीच्या रेषेच्या वर कुंपण करतात, अंडी हलक्या हाताने आणून तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात आणि पिल्ले निघाली की समुद्रात सोडतात. २००६ पासून कासव महोत्सव भरतो, त्यामुळे गावाला चार पैसेही मिळू लागले.

सकाळी आम्ही ते पाहिले. टोपलीखालून काळी, तळहातापेक्षा लहान पिल्ले बाहेर आली आणि वाऱ्याला तोंड देत सरळ पाण्याकडे चालू लागली. आमच्या मंडळींचे प्रश्न मात्र अस्सल शेतकऱ्याचे होते. खड्डा किती खोल? उगवायला किती दिवस? मी म्हणालो, पंचेचाळीस ते साठ. ‘म्हंजे मुगाएवढंच!’ असे एक भाऊ म्हणाले. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेची पट्टी लावलेली एक कासवीण २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली, म्हणजे बघा, केवढा प्रवास.

तेथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वारा अडवायला सुरू चांगला, पण तोच सुरू अगदी भरतीच्या रेषेजवळ लावला तर कासविणीला अंडी घालायला मोकळी वाळू उरत नाही. झाड तेच, पण जागा चुकली की गुणाचा दोष होतो. हे वाक्य लिहिताना मला माझीच गोष्ट आठवते. ती पुढे सांगतो.

३ जून २०२०

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही यजमानांच्या अंगणात बसलो होतो. घरामागची वाडी अर्धी रिकामी दिसत होती. मध्ये मध्ये कमरेएवढी कोवळी रोपे होती. आमच्यापैकी एकाने विचारले, ‘एवढी जागा खाली कशी?’ यजमान म्हणाले, ‘खाली नव्हती हो. निसर्ग घेऊन गेला.’

निसर्ग हे चक्रीवादळाचे नाव. ३ जून २०२० रोजी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगड जिल्हा आणि रत्नागिरीचे दापोली, मंडणगड हे तालुके त्याने झोडपून काढले. यजमान सांगत होते, ‘दोन-तीन तासांचा खेळ. माझ्या आजोबांनी लावलेल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडत होत्या. आम्ही देवघरात बसून आवाज मोजत होतो. पुढे पुढे मोजायचे सोडून दिले.’

बंधूंनो, आपले सोयाबीन गेले तर दुःख मोठेच, पण पुढच्या मृगाला आपण पुन्हा पेरतो. पोफळीला फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. बाणवली नारळाला सहा-सात वर्षे लागतात आणि मग तो ऐंशी-ऐंशी वर्षे देत राहतो. अशी बाग पडली की एका माणसाची नाही, तीन पिढ्यांची मेहनत पडते. सरकारने तेव्हा झाडागणिक मदत दिली, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५० रुपये. शिवाय जी झाडे उभी राहिली त्यांचाही आडोसा गेला. सावलीत वाढलेल्या पोफळीच्या खोडावर सरळ ऊन पडले की खोड भाजते आणि ते झाडही हळूहळू जाते. म्हणजे शेजारचे झाड पडल्याचे नुकसान उभ्या झाडालाही भोगावे लागते.

‘मग आता?’ आमच्या ताईंनी विचारले. यजमानीण बाई शांतपणे म्हणाल्या, ‘आता काय, लावली की परत. पुढची रांग सुरूचीही लावली. फळ आम्ही खाऊ नाही खाऊ, मुलं खातील. आम्हीसुद्धा दुसऱ्यांनी लावलेलंच खात होतो ना?’

एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. अशा चक्रीवादळाला कोणतेही बन अडवू शकत नाही. निसर्ग वादळात किनाऱ्यावरचे सुरूही आडवे झाले. पण चक्रीवादळ क्वचित येते. रोजचा वारा रोज येतो. वाडी वाढते ती रोजच्या वाऱ्यापासून राखल्यामुळे. झाडांच्या रांगेकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी, आणि तेवढी ती नक्की पुरी करते.

माझी चूक

आमच्यासोबत एक वयस्कर शेतकरी होते. सगळे त्यांना दाजी म्हणतात. सुमारे अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या वावराच्या पश्चिम धुऱ्यावर कडुनिंबाची आणि बाभळीची ओळ होती, मधून बोरी होत्या. सावलीमुळे धुऱ्याजवळची कपाशी बारीक राहते, काय करावे, असे त्यांनी मला विचारले. मी तेव्हा उमेदीत होतो. धुऱ्यावर उभा राहिलो, नजर टाकली आणि सांगून टाकले, ‘झाडे काढा. चार तासे मोकळी होतील.’ त्यांनी झाडे काढली, लाकूड विकले. चार तासांची कपाशी खरोखर सुधारली आणि मला बरे वाटले.

चार तासे मी पाहिली, उरलेले वावर पाहिले नाही. पुढे त्याच वावरात माझ्याच शिफारशीने दाजींनी संत्रा लावला. बाग फळावर आली आणि दोन वेळा आंबिया बहाराची फळे लिंबाएवढी असताना मे महिन्यात पश्चिमेकडून वावधान सुटले. सकाळी बागेत गेलो तर झाडाखाली हिरव्या फळांचा सडा होता. काही झाडे बुंध्यात कलंडली होती. पंचनाम्याला मीही हजर होतो. दाजींनी त्या जुन्या झाडांचा शब्दही काढला नाही आणि मीही काढला नाही.

वेळासला त्या रात्री, सगळे झोपायला उठल्यावर, दाजी माझ्याजवळ थांबले. म्हणाले, ‘सायेब, आपल्या धुऱ्यावरचे ते निंबं राह्यले असते तं माल वाचला असता काय?’

मी म्हणालो, ‘सगळा नसता वाचला, दाजी. पण बराचसा वाचला असता. तेव्हा मी तुम्हाला अर्धवट सल्ला दिला. चुकलो.’

ते थोडा वेळ समुद्राच्या आवाजाकडे कान देऊन बसले. मग म्हणाले, ‘झालं ते झालं. आता लावू. माहं वय मोजत बसलो तं झाडच लागनार नाही.’

परत आल्यावर त्या पावसाळ्यात आम्ही दाजींच्या पश्चिम धुऱ्यावर नव्वद रोपे लावली. पहिल्या उन्हाळ्यात तेवीस वाळली. त्यांच्या जागी दुसरी लावली. आजही ती रांग वारा अडवण्याजोगी झालेली नाही. आणखी दोन-तीन वर्षे लागतील. मी निवृत्त होण्याआधी ती डोक्याच्या वर गेलेली पाहायची आहे.

धुऱ्यावर काय करावे

आता तुमच्या कामाचे, थोडक्यात.

१. वाऱ्याची बाजू ओळखा. आपल्याकडे जोराचा वारा बहुतेक पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. उंच रांग पश्चिम धुऱ्यावर घ्यावी. दक्षिण धुऱ्यावर कमी उंचीची झाडे घ्यावीत, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि उंच झाडांची सावली वावरात लांबवर पडते.

२. हिशेब समजून घ्या. झाडांची रांग आपल्या उंचीच्या साधारण दहा पट अंतरापर्यंत चांगला आडोसा देते आणि त्यापुढेही काही प्रमाणात देते. चौरस एकराची एक बाजू सुमारे २०८ फूट असते. म्हणजे वीस फूट उंचीची रांग जवळजवळ सबंध एकर सांभाळते. सावली आणि मुळ्यांमुळे धुऱ्याजवळची काही तासे कमी पिकतील हे खरे, पण तोल पूर्ण वावराचा धरा. मी धरला नव्हता.

३. भिंत करू नका. रांग अशी असावी की जवळजवळ निम्मा वारा पाझरून आत यावा. पक्की भिंत केली तर वारा तिच्यावरून उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा खाली आपटतो. मात्र रांगेत मोठी फटही ठेवू नये, कारण तेथून वारा जास्त जोराने घुसतो. गाडीवाट ठेवायचीच असेल तर ती तिरपी ठेवावी.

४. दोन रांगा घ्या. बाहेरच्या बाजूला करंज, कडुनिंब, जांभूळ, बांबू किंवा सुरू. आतल्या बाजूला शेवरी, हादगा, शेवगा. आतली झाडे लवकर वाढतात आणि बाहेरची मोठी होईपर्यंत काम भागवतात. सुबाभूळ लावाल तर शेंगा पिकण्याआधी छाटणी करा, नाही तर बी पडून सगळीकडे उगवते.

५. झाडे आणि पीक यांच्यामध्ये दोन-तीन फूट खोल चर खणा. मुळ्या वावरात शिरत नाहीत आणि पावसाचे पाणीही मुरते. दर दोन वर्षांनी चर मोकळा करावा.

६. संत्रा असेल तर रांगेवर गुळवेल आणि वासनवेल चढू देऊ नका. फळातील रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या याच वेलींवर वाढतात.

७. धुरा सामाईक असतो. खड्डा खणण्याआधी शेजाऱ्याला बोलवा, चहा पाजा, कोणते झाड कोठे ते ठरवा. त्याच्या वावराच्या पश्चिमेलाही आडोसा हवाच आहे. एकाच्या रांगेने दुसऱ्याचे पीक राखले जाते, हे वेळासच्या पोफळींनी शिकवले आहे.

८. पहिले दोन उन्हाळे पाणी आणि बकऱ्यांपासून राखण, एवढे केले तर पुढे झाड स्वतःचे स्वतः बघते.

परतीच्या गाडीत दर्यापूरच्या ताईंनी पिशवीतून एक बाटली काढून दाखवली. तीत वेळासची वाळू होती. ‘नातवाले दाखवतो,’ म्हणाल्या, ‘म्हनतो, वाऱ्यानं हे उडून जाऊ नये म्हनून तिथं एक वेल राखन करते.’ तुम्हीही जमेल तेव्हा एकदा घरच्या माणसांना घेऊन समुद्र पाहून या. आणि जाणे जमले नाही, तरी येत्या मृगाआधी आपल्या पश्चिम धुऱ्यावर एकदा संध्याकाळी उभे राहा. वारा तुमच्या तोंडावर कोठून येतो ते बघा आणि त्याच्या वाटेत काय उभे आहे ते मोजा.

ज्यांनी माझ्या सांगण्यावरून धुऱ्यावरची झाडे काढली असतील, त्यांनी मला जरूर गाठावे. रोपे कोठे मिळतील ते सांगेन, आणि खड्डे खणायला स्वतः येईन.